हुकूम किनाऱ्याचा, जबाबदारी कप्तानाची

मार्च 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या उपस्थितीत जबलपूरला ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि ईस्ट इंडियन या दोन रेल्वे कंपन्यांचे मार्ग जोडले गेले आणि मुंबई ते कलकत्ता सलग गाडी सुरू झाली. शाळेत ही घटना रेल्वेच्या धड्यात शिकवतात. पण जहाजांच्या इतिहासातही तिला जागा आहे. चारच महिन्यांपूर्वी सुएझ कालवा खुला झाला होता. मुंबईच्या धक्क्यावर उतरलेलं विलायतेचं टपाल आणि उतारू आता जबलपूरमार्गे कलकत्त्याला जाणार होते. त्याच वर्षी ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडन समुद्रतळाशी तार अंथरली आणि जूनमध्ये मुंबई लंडनशी थेट बोलू लागली.

या तारेने जहाजावरचा कारभार पालटला. तोवर किनारा सुटला की कप्तान हाच धनी असे. कुठल्या बंदरात कोणता माल उचलायचा, भाडं किती घ्यायचं, डागडुजीसाठी पैसा कुणाकडून उभा करायचा, सगळं त्याच्या अखत्यारीत, कारण मालकाचं पत्र पोचायला आठवडे लागत. तार आल्यावर मात्र पुढच्या बंदरात मालकाचा हुकूम कप्तानाच्या आधीच येऊन बसू लागला. अधिकार जहाजावरून जमिनीवर सरकायला तेव्हा सुरुवात झाली आणि आज ती प्रक्रिया शेवटच्या टप्प्यात आहे.

आजच्या एखाद्या मालवाहू जहाजाची कुंडली मांडली तर मालक ग्रीसचा, झेंडा लायबेरियाचा, विमा लंडनचा, माल नेण्यासाठी ते भाड्याने घेणारा चार्टरर जिनिव्हाचा, आणि रोजचा कारभार मुंबईत अंधेरी-पवईच्या एखाद्या काचेच्या इमारतीतून चालणारा, असा प्रकार सर्रास आढळतो. तिथे बसलेला सुपरिंटेंडंट बहुधा स्वतः चीफ इंजिनिअर म्हणून समुद्रावर वर्षं काढून आलेला असतो. त्याच्याकडे चार-पाच जहाजं असतात. पूर्वी दिवसातून एकदा येणाऱ्या नून रिपोर्टवरून त्याला जहाजाची तब्येत कळे. आता उपग्रहामार्फत इंजिनाचे फेरे, तेलाचा खप, पाण्यातला वेग हे सगळं जवळजवळ त्या क्षणी त्याच्या पडद्यावर उमटतं.

याच काळात पर्यावरणाचे नियम एकामागून एक येत गेले. 1 जानेवारी 2020 पासून जहाजाच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा 3.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यांवर आली. सप्टेंबर 2024 पर्यंत आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या बहुतेक जहाजांना तोल राखण्यासाठी भरलेलं बॅलास्टचं पाणी शुद्ध करणारी यंत्रणा बसवावी लागली, कारण एका समुद्राचं पाणी दुसऱ्या समुद्रात सोडताना परके जीवही सोबत जातात. 2023 पासून प्रत्येक मोठ्या जहाजाला कार्बनच्या हिशेबावर ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी मिळते. लागोपाठ तीन वर्षं ‘डी’ किंवा एकदाच ‘ई’ मिळाली, तर सुधारणेची योजना लिहून द्यावी लागते.

कागदावर एका ओळीत मावणारा नियम इंजिन रूममध्ये कसा उतरतो, ते पाहण्यासारखं आहे. 1 मे 2025 पासून भूमध्य समुद्रात गंधकाची मर्यादा 0.1 टक्के झाली. मुंबईहून निघालेल्या जहाजाला सुएझ ओलांडून पोर्ट सैदला बाहेर पडण्याआधी जड इंधन सोडून गॅस ऑइलवर यावं लागतं. जड इंधन चांगलं तापवल्याशिवाय इंजिनात जात नाही. गॅस ऑइल उलट थंडच बरं, तापलं की इतकं पातळ होतं की फ्युएल पंपाला वंगण मिळेनासं होतं आणि पंप अडकतो. म्हणून हा बदल मिनिटाला साधारण दोन अंशांहून अधिक वेगाने होऊ द्यायचा नसतो. सेकंड इंजिनिअर हात व्हॉल्व्हवर आणि डोळे तापमानावर ठेवून हे काम उरकतो. घाई केली तर अरुंद, गर्दीच्या पाण्यात इंजिन बंद पडण्याचा धोका, आणि उशीर केला तर कायदा मोडल्याचा ठपका. काम झालं की तारीख, वेळ, जहाजाचं अक्षांश-रेखांश आणि टाकीतला साठा लॉगमध्ये चढवायचा. बंदरातला तपासनीस आधी तेच पान उघडतो.

या नियमांमुळे हवा स्वच्छ झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे तो हिशेब कुणाच्या नावावर लिहिला जातो याचा.

जहाजाला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के कमी केला तर तेवढ्याच अंतराला जवळजवळ एकोणीस टक्के कमी इंधन पुरतं. म्हणजे कार्बन कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हळू जाणं. पण टाइम चार्टरवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्यावर गेलेल्या जहाजाचा वेग मालक ठरवत नाही, व्यवस्थापकही नाही, तो चार्टरर ठरवतो. श्रेणी मात्र जहाजाच्या कपाळी लिहिली जाते. त्यात श्रेणीचं गणितही गमतीचं आहे. जळलेल्या इंधनाचा कार्बन भागिले जहाजाची वहनक्षमता गुणिले कापलेलं अंतर, असं ते सूत्र. प्रत्यक्षात किती माल नेला, हे त्यात कुठेच येत नाही. रिकामं जहाज दूर पळवलं तर श्रेणी सुधारते. बंदराबाहेर नांगर टाकून आठवडाभर थांबलं तर जनरेटर तेल पीत राहतो, अंतर शून्य राहतं आणि श्रेणी घसरते.

आणि थांबावं तर लागतंच. पुष्कळ बंदरांत अजून आधी येईल त्याचा नंबर आधी, म्हणून सगळे धावत येतात आणि येऊन रांगेत उभे राहतात. मेल गाडी इटारसीपासून भरधाव यावी आणि जबलपूरच्या आउटरला तासभर ताटकळावी, तसलाच हा प्रकार. धक्का कधी मोकळा होणार हे बंदराने आधी कळवावं आणि जहाजाने त्या बेताने वेग ठेवावा, ही पद्धत तांत्रिकदृष्ट्या आज सहज शक्य आहे. अडतं ते करारात, कारण उशीर झाला की भुर्दंड कुणावर, यावर एकमत होत नाही. बाल्टिक अँड इंटरनॅशनल मेरिटाइम कौन्सिल म्हणजे ‘बिम्को’ या संघटनेने 2022 मध्ये श्रेणीची जबाबदारी चार्टररशी वाटून घेणारं कलम तयार केलं, ते या वादाचं मूळ ओळखूनच.

युरोपने तर कार्बनला थेट किंमत लावली. 2024 च्या उत्सर्जनापैकी 40 टक्के, 2025 च्या 70 टक्के आणि 2026 पासून सगळ्याच उत्सर्जनासाठी परवाने विकत घ्यायचे. युरोपबाहेरून आलेल्या फेरीचा निम्मा भाग मोजायचा. रोज 30 टन इंधन जाळणारं जहाज मुंबईहून रॉटरडॅमला वीस दिवसांत पोचलं तर 600 टन इंधन जळतं आणि त्यातून सुमारे 1,870 टन कार्बन डायऑक्साइड निघतो. निम्मे 935 टन हिशेबात आले आणि टनाला 70 युरो धरले, तर एका फेरीचे 65 हजार युरो झाले. 2023 च्या अखेरीस लाल समुद्रात हूती बंडखोरांचे हल्ले सुरू झाल्यावर जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. साडेसहा हजार सागरी मैलांच्या आतलं अंतर दहा हजारांच्या वर गेलं आणि कार्बनचं बिलही त्याच मापाने फुगलं. हल्ला येमेनमधून, बिल ब्रुसेल्समधून, आणि स्पष्टीकरण मुंबईच्या सुपरिंटेंडंटकडून.

डिजिटल यंत्रणेची मदत इथे मोठी आहे. हवामान पाहून मार्ग आखणं, तळाला शेवाळ आणि बार्नेकल साचल्याचं इंधनाच्या खपावरून ताडणं, सुटा भाग मोडण्याआधी बदलणं, यातून खरोखर तेल वाचतं. पण पडद्यासमोर बसलेल्याला आलेख दिसतो, समोरून अंगावर येणारी पावसाळी अरबी समुद्राची लाट दिसत नाही. काल चार टन जास्त का जळलं, असा ईमेल पहाटे येतो आणि रात्रभर ब्रिजवर उभा असलेला कप्तान उत्तर लिहायला बसतो. सागरी सुरक्षिततेच्या ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारात स्पष्ट तरतूद आहे की सुरक्षिततेसाठी कप्तानाला योग्य वाटणाऱ्या निर्णयाच्या आड मालक, चार्टरर किंवा व्यवस्थापन कंपनी येऊ शकत नाही. तरतूद चोख आहे. पण रोजच्या चौकशांना वैतागून कप्तानाने स्वतःच निर्णय घेणं टाळलं, तर त्याला कुठलंही कलम लागू पडत नाही.

यंत्रणेवर विसंबण्याचे धोके महाराष्ट्राने जवळून पाहिले आहेत. जून 2017 मध्ये ‘नॉटपेट्या’ या सायबर हल्ल्यात मर्स्क कंपनीची संगणकव्यवस्था कोलमडली, तेव्हा उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात त्याच समूहाचं टर्मिनलही अडकलं. कंपनीने नुकसानीचा आकडा 20 ते 30 कोटी डॉलर सांगितला. याच्या उलट उदाहरण ‘डाली’चं. 26 मार्च 2024 ला बाल्टिमोरचा पूल या जहाजाच्या धडकेने कोसळला, पुलावरचे सहा कामगार गेले. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. अमेरिकी तपासयंत्रणेने 2025 च्या अखेरीस काढलेला निष्कर्ष असा, की एका वायरवरची नावाची पट्टी चुकीच्या जागी बसल्याने ती वायर जोडणीत पुरती शिरली नव्हती आणि वीज गेली. सेन्सर कितीही लावले तरी असली सैल वायर शोधायला कुणाला तरी वेळ काढून पॅनेल उघडावं लागतं.

वेळ हीच तर जहाजावर टंचाई आहे. मोठ्या मालवाहू जहाजावर साधारण वीस-बावीस माणसं असतात. खलाशाला दिवसात दहा आणि आठवड्यात 77 तास विश्रांती मिळाली पाहिजे, हा नियम आहे. स्वीडनच्या माल्मो इथल्या वर्ल्ड मेरिटाइम युनिव्हर्सिटीने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने दाखवलं, की या तासांच्या नोंदी नियमात बसतील अशा जुळवून लिहिल्या जातात. प्रत्येक नव्या नियमासोबत नवी फाइल आली, नवं सॉफ्टवेअर आलं, माणूस एकही वाढला नाही.

समुद्रापासून शेकडो किलोमीटरवरच्या जबलपूरला याच्याशी देणंघेणं दोन बाजूंनी आहे. नियम नदीपर्यंत पोचले आहेत: राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या भोपाळ पीठाने 2023 मध्ये भोपाळचा बडा तालाब आणि नर्मदेसारख्या पाण्यांवरच्या डिझेल क्रूझ नि मोटरबोटींना मनाई केली. आणि माणसं इथूनही जहाजावर जाऊ शकतात. 1947 पासून चालणाऱ्या इथल्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातला मेकॅनिकलचा पदवीधर एक वर्षाचा मरीन इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम करून ज्युनिअर इंजिनिअर होऊ शकतो. जगातल्या दर दहा खलाशांपैकी निदान एक भारतीय आहे. नियम लिहिणाऱ्यांच्या टेबलावर मात्र भारताचा आवाज या संख्येच्या मानाने क्षीणच राहिला.

तो वाढवायला सध्या वाव आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत जहाजांवरच्या जागतिक कार्बन आकारणीचा प्रस्ताव 57 विरुद्ध 49 मतांनी वर्षभर लांबणीवर पडला. त्याच वर्षी 1958 चा कायदा जाऊन भारताचा नवा मर्चंट शिपिंग कायदा संसदेत मंजूर झाला. कार्बनचा दर ठरवताना भारताने दोन मागण्या धरून ठेवायला हरकत नाही: वेग ठरवणाऱ्या चार्टररचं नाव श्रेणीच्या हिशेबात आलं पाहिजे, आणि प्रत्येक नव्या नियमाने किती तासांचं काम वाढतं ते मोजून जहाजावरच्या किमान मनुष्यबळाचा आकडा बदलला पाहिजे. पहिल्या मागणीला मालकांचा पाठिंबा मिळेल. दुसरीला तेच मालक विरोध करतील, कारण वाढीव माणसाचा पगार त्यांच्या खिशातून जाणार आहे. ती मागणी लावून धरण्याचं काम खलाशांच्या संघटनांना आणि मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयालाच करावं लागेल.