आधी वाक्य, मग आवाज

फोनला आपलं बोलणं कळलं नाही की माणूस आवाज चढवतो. 'ताईला फोन लाव' हेच पुन्हा जोरात म्हणायचं, मग एकेक अक्षर तोडून म्हणायचं, आणि दर वेळी निकाल आधीपेक्षा वाईट. माइकच्या अगदी जवळून ओरडलं की आवाज फाटतो. अक्षरं तोडली की ते कुणाच्याच रोजच्या बोलण्यासारखं राहत नाही, आणि फोनमधली बोलणं ओळखणारी यंत्रणा तर माणसांच्या ओघातल्या बोलण्यावरच शिकलेली आहे. समोरच्या खुर्चीतल्या माणसाशी बोलावं त्या पट्टीत, फोन वीतभर लांब धरून बोललेलं तिला जास्त नीट कळतं.

तोडून बोलायची गरज होती ती जुन्या यंत्रांना. 1952 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये 'ऑड्री' नावाचं यंत्र तयार झालं. ते शून्य ते नऊ एवढे अंकच ओळखायचं. तेही ज्याच्या आवाजाशी ते जुळवलेलं असेल त्याच्याच तोंडून, आणि दोन अंकांमध्ये थांबून म्हटले तरच. आजचा फोन मागचेपुढचे शब्द धरून अंदाज बांधतो. म्हणून सुटा शब्द त्याला अवघड जातो आणि अख्खं वाक्य सोपं. नुसतं 'वेळ' म्हटलं तर तो 'वेल' लिहील. 'पुण्याच्या गाडीची वेळ सांग' म्हटलं की संशय फारसा उरत नाही.

पण वाक्य अख्खं असायला ते बोलण्याआधी मनात झालेलं असावं लागतं. आपण थोडा वेळ गप्प झालो की बोलणं संपलं असं फोन धरतो. 'उद्या... म्हणजे ते... सकाळचं' असं चाचपडत गेलो तर तो मधेच माइक बंद करून हाती आलेल्या तुकड्यावर कामाला लागतो. 'उद्या सकाळी साडेपाचचा गजर लाव' यात दिवस, वेळ, काम सगळं आलं, तेही एका दमात. घरात असं बोलायची सवय आपल्याला नसते. 'अगं, ते आण ना' एवढ्यावर घरचं माणूस नेमकी वस्तू आणून देतं. त्यामागे वर्षानुवर्षांचा सहवास असतो, आपली अर्धी वाक्यं कुणीतरी प्रेमानं पुरी करत असतं. फोनपाशी हा सहवास नाही. त्याच्याशी बोलण्याआधी 'मला नेमकं काय हवंय' हे स्वतःला विचारावं लागतं, आणि सकाळच्या धांदलीत तेवढं क्षणभर थांबणं मला फार मोलाचं वाटतं.

बाकी गोष्टी साध्या आहेत. गूगलच्या बोलून टाइप करण्याच्या सोयीत मराठी 2017 मध्ये आली, गूगल असिस्टंटला 2018 मध्ये. तरी कितीतरी फोनांत भाषा इंग्रजी किंवा हिंदीच ठेवलेली असते, मग मराठी वाक्य त्या भाषेच्या कानानं ऐकलं जातं आणि दोष आपल्या उच्चारांना लागतो. सेटिंगमध्ये मराठी जोडून घ्यावी. माइकचं भोक बहुधा फोनच्या खालच्या कडेला असतं. ते कव्हरनं, धुळीनं किंवा बोटानं बुजलेलं नाही ना, हे पाहावं. मिक्सर चालू असताना बोलू नये. आणि नावं तोंडात असतील तशी सेव्ह करावीत. ज्यांना 'नानाकाका' म्हणतो त्यांचा नंबर 'एन. के. नवीन' या नावानं ठेवला, तर 'नानाकाकांना फोन लाव' म्हटल्यावर फोननं त्यांना शोधायचं तरी कुठं?

ही खटपट सगळ्यांत जास्त करायला हवी ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. बोटं थरथरतात, अक्षरं दिसत नाहीत, कीबोर्डची तर कधी ओळखच झाली नाही, पण जीभ शाबूत आहे. त्यांच्याशेजारी बसून नावं एकेक करून नीट लावून द्यावीत. त्यांचं बोलणं मात्र बदलायला सांगू नये. वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी वळणाचं बोलणं फोनला कमी कळतं, कारण त्याला शिकवताना तसे आवाज कमी ऐकवले गेले. ही उणीव भरून काढता येते. 2022 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'भाषिणी' प्रकल्पात 'भाषादान' नावाचा उपक्रम आहे. तिथं समोर येणारी मराठी वाक्यं वाचून आपला आवाज देता येतो, आणि दुसऱ्यांनी वाचलेली वाक्यं ऐकून ती बरोबर आहेत की नाहीत हेही सांगता येतं. फोनवरूनच होणारं काम आहे. आज चहा झाल्यावर आजीला शेजारी घेऊन बसा, वाक्यं तिला वाचून दाखवा आणि तिच्या लयीत म्हणू द्या.