गावठाणाची पाहणी

महाराष्ट्रात वास्तुरचना आणि नगररचना यांविषयी जे संशोधन आजवर झाले, त्याचा मोठा अंश मुंबई-पुण्यासारख्या महानगरांना वाहिलेला आहे. आणि ग्रामीण घरांविषयी जे थोडेफार लिहिले गेले, ते एकतर लोप पावणाऱ्या परंपरेच्या कौतुकापोटी अथवा एखाद्या आपत्तीनंतरच्या निकडीपोटी लिहिले गेले आहे. या दोहोंच्या मधला जो विस्तीर्ण प्रदेश, म्हणजे ज्यांना आता केवळ खेडे म्हणता येत नाही आणि ज्यांना शहराचा दर्जा अद्याप कोणी दिलेला नाही अशी मोठी बाजारगावे, तो अभ्यासकांच्या दृष्टीआडच राहिला. वस्तुतः राज्यातील बांधकामाचे आजचे सर्वांत वेगवान स्थित्यंतर याच गावांत घडत आहे. ते कोणत्या दिशेने चालले आहे याची शास्त्रशुद्ध नोंद ठेवणारे कोणी नसेल, तर शाश्वत नगररचनेच्या आपल्या सर्व घोषणा महानगरांच्या वेशीवरच थांबतील.

पंढरपूर तालुक्यातील करकंब हे अशा गावांचे उत्तम उदाहरण होय. पंढरपूरच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरांवर, टेंभुर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले हे जुने बाजारगाव १८८४ सालच्या सोलापूर जिल्ह्याच्या गॅझेटियरातही स्वतंत्र नोंदीस पात्र ठरले होते. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि ज्या टापूने पिढ्यान्पिढ्या ज्वारी आणि अवर्षण यांखेरीज फारसे काही पाहिले नव्हते, तेथे ऊस आला, द्राक्षबागा आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ नवे घर बांधण्याची ऐपतही आली. ही ऐपत सर्वांत आधी दृश्यमान होते ती दोन ठिकाणी. गावठाणातले माळवद उतरवून त्याच जागेवर स्लॅबचे मजले चढतात. आणि गावठाणाबाहेर, रस्त्याच्या दोन्ही अंगांनी, बिनशेती केलेल्या अथवा न केलेल्या जमिनींवर दुकाने व घरे यांची लांबच लांब रांग पसरत जाते. हे दोन्ही बदल स्वाभाविक आहेत, आणि त्यांमागची आकांक्षा सर्वस्वी आदरणीय आहे. प्रश्न एवढाच आहे की, या बदलात गावाने काय मिळवले आणि काय गमावले याचा हिशेब कोणाच्या दफ्तरी आहे?

माळवदी घराचे शास्त्र थोडक्यात पाहिले तरी या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येईल. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलच, त्यावर पाल्याचा थर आणि सर्वांवर पांढऱ्या मातीची जाड बैठक, अशी या छताची रचना असते. दोन खांबांमधले अंतर तो खण, आणि घराचे मोजमाप सांगायचे ते खणांनी. भिंती दोन-अडीच फूट रुंदीच्या, दगडाच्या व मातीच्या. बाहेरच्या बाजूस खिडक्या अगदी थोड्या. उजेड येतो तो मधल्या चौकातून आणि माळवदातल्या साण्यातून. ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरांच्या आसपास पडतो आणि चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेथे ही रचना हवामानाला दिलेले सरळ उत्तर आहे. जाड भिंत दिवसभराचे ऊन आपल्या पोटात घेते आणि ते आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र होते. तोवर बाहेरची हवा निवालेली असते, चौकातून उष्मा वर निघून जातो आणि माणसे माळवदावर अंथरूण घालतात. उलट चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दुपारी तापतो आणि संध्याकाळी, म्हणजे माणसे घरी परततात नेमक्या त्याच वेळी, ती उष्णता आत सोडू लागतो. मग पंखा, कूलर, आणि ऐपत असेल तर वातानुकूलन यंत्र ही घराची अपरिहार्य अंगे बनतात, आणि ज्याला ती परवडत नाहीत त्याचा उन्हाळा त्याच्या आजोबांच्या उन्हाळ्याहून कठीण होतो.

तथापि जुन्या घराची केवळ स्तुती करणे हेही संशोधनास शोभत नाही. दर वर्षी मृग निघण्यापूर्वी माळवदावर नवी माती पसरून ती चोपावी लागे. भिंती सारवाव्या लागत. आणि हे श्रम बहुतांशी घरातल्या स्त्रियांच्या वाट्याला येत. झडीच्या पावसात छत गळे, भिंतींच्या फटींत विंचू-सापांना आसरा मिळे, आतल्या खोल्यांत अंधार असे. तुळयांना लागणारे सागवान आज सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिलेले नाही, आणि चुन्याची घाणी फिरवून दर्जेदार चुना तयार करणारे हातही दुर्मिळ झाले आहेत. ज्या स्त्रीने तीस वर्षे माळवद सांभाळले, तिने स्लॅबचे घर मागितले तर तिला परंपरेचे महत्त्व ऐकवण्याचा अधिकार कोणत्याही वास्तुशास्त्रज्ञाला नाही. तिच्या मागणीतला विवेक मान्य करूनच अभ्यासाला सुरुवात झाली पाहिजे.

माळवदाविषयीच्या भीतीचे सर्वांत दारुण कारण मात्र सोलापूरच्या शेजारीच घडले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे गाढ झोपेत असताना, लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे आपल्याच घरांच्या दगडमातीखाली गाडली गेली. लोकमानसाने त्यातून एकच निष्कर्ष काढला: दगडमाती मारते आणि सिमेंट तारते. अभियंत्यांच्या पाहणीत जे आढळले ते याहून अधिक सूक्ष्म होते. भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर वेगवेगळे रचलेले, मध्ये दगडाच्या कपच्या आणि माती भरलेली. दोन्ही पदरांना सांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. कोपऱ्यांची गुंफण कच्ची होती. आणि वर्षानुवर्षे जुन्या थरावर नवी माती टाकत गेल्याने छताचे वजन भलतेच वाढले होते. जेथे छताचा भार लाकडी खांबांच्या सांगाड्यावर होता आणि तो सांगाडा घट्ट होता, तेथे भिंती ढासळूनही माळवद उभे राहिल्याची उदाहरणे दिसली. म्हणजे दोष द्रव्याचा जितका होता, त्याहून अधिक तो सांध्याचा, आणि सांध्याविषयीच्या ज्ञानाच्या विस्मृतीचा होता. त्याच १९९३ साली भारतीय मानक ब्युरोने मातीच्या व दुर्बल दगडी बांधकामाच्या भूकंपसुरक्षेविषयी स्वतंत्र मानके प्रसिद्ध केली. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड, आणि दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून संपूर्ण घराभोवती फिरणारा सलग पट्टा, हे त्यांतले उपाय गावच्या कोणत्याही गवंड्याला एका दिवसात शिकवता येण्याजोगे आहेत. ते किती गवंड्यांपर्यंत पोचले, हा प्रश्न मात्र कोणी आग्रहाने विचारला नाही.

किल्लारीच्या पुनर्वसनाने नगररचनेलाही एक धडा दिला. बावन्न गावे नव्या जागी हलवली गेली. जमीनधारणेनुसार अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरे ठरली, आणि काटकोनात आखलेल्या रुंद रस्त्यांवर ती ओळीने उभी राहिली. निवारा मिळाला, आणि त्या प्रसंगी ते कार्य फार मोठे होते यात शंका नाही. परंतु जुन्या गावातले अरुंद सावलीचे बोळ, भाऊबंदांच्या घरांना जोडणारा चौक, पाराभोवतीची बैठक, जनावरांची जागा यांचे काय प्रयोजन होते, हे आखणीपूर्वी पुरेसे समजून घेतले गेले नाही. पुढे रहिवाशांनी कुंपणाच्या भिंती घातल्या, पडव्या वाढवल्या, गोठे जोडले आणि आराखड्याची आपापल्या परीने दुरुस्ती केली. ही दुरुस्ती म्हणजेच लोकांनी केलेले संशोधन होते. फक्त ते आराखड्याच्या आधी व्हावयास हवे होते.

पाहणी आधी आणि आराखडा नंतर, हे तत्त्व आपल्याकडे नवीन नाही. मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेले पॅट्रिक गेडीस १९१४ साली हिंदुस्थानात आले, अनेक शहरांतून पायी हिंडले, आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात त्यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा जो विभाग सुरू झाला त्याची धुरा पुढे गो. स. घुर्ये यांनी वाहिली. त्या काळी जुन्या वस्त्यांतून सरळ रुंद रस्ते काढण्यासाठी घरेच्या घरे पाडण्याचा प्रघात होता. गेडीस यांनी त्याला विरोध केला आणि वस्तीचा जीव राखून, जेथे अगदी आवश्यक तेथेच छेद देणारी जपून केलेली शस्त्रक्रिया सुचवली. निदानावाचून उपचार नाही, हा वैद्याचा नियम त्यांनी नगररचनेला लावला. मुंबई इलाख्याने १९१५ साली नगररचनेचा कायदा केला, आणि १९६६ साली महाराष्ट्राने प्रादेशिक व नगररचनेचा सर्वंकष अधिनियम केला; परंतु निदानाची ती सवय काही कायद्याच्या कलमांतून गावोगाव पोचली नाही. गावाच्या विकास आराखड्यात आजही कामांची यादी असते, त्या कामांना जोडणारा नकाशा क्वचितच असतो.

आता अशा नकाशाची साधने हाती आली आहेत. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झालेल्या प्रयोगानंतर गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी सुरू झाली, आणि २०२० पासून स्वामित्व योजनेने तिला देशव्यापी रूप दिले. मिळकतदाराला सनद व मिळकत पत्रिका देणे हा या मोजणीचा हेतू आहे; पण हद्दी ठरवण्यासाठी काढलेला हाच नकाशा गावाच्या अभ्यासाचा पाया होऊ शकतो. करकंबच्या अशा नकाशावर पावसाचे पाणी कोठून वाहते व कोठे तुंबते, कोणत्या बोळात भर दुपारी सावली असते, कोणते वाडे वहिवाटीच्या तंट्यांमुळे ओस पडले, कोणत्या विहिरी बुजल्या, सांडपाणी कोणत्या ओढ्यात जाते, या गोष्टी भरल्या पाहिजेत. माळवदाच्या, पत्र्याच्या आणि स्लॅबच्या घरांत तापमापक ठेवून वर्षभराच्या नोंदी घेतल्या पाहिजेत, कारण एका हिवाळी सहलीत टिपलेली छायाचित्रे वैशाखाविषयी काहीच सांगत नाहीत. सोलापुरात २००४ पासून विद्यापीठ आहे, पंढरपूरच्या परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तेथील विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी दूरच्या महानगराचा विषय निवडण्यापेक्षा पाळीपाळीने एकच गाव अनेक वर्षे अभ्यासले, तर त्यातून जे ज्ञान साठेल ते दुसरीकडे कोठेही उपलब्ध नाही.

अशा पाहणीतून जे उपाय निघतील ते बहुधा जुने आणि नवे यांच्या मीलनाचे असतील. स्लॅब राहील, पण त्यावर चुन्याचा पांढरा लेप किंवा फुटक्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरसबंदी येईल, जिच्यामुळे ऊन परावर्तित होते. लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केल्याप्रमाणे स्लॅबच्या खालच्या थरात जुनी कौले घालून सिमेंट आणि उष्णता दोन्ही कमी करता येतील. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली सुरू झालेल्या ‘अस्त्र’ या उपक्रमाने दाबलेल्या मातीच्या विटांवर दीर्घकाळ काम केले. काळ्या मातीच्या या मुलखात कोणती माती अशा विटेला चालते, हे मात्र येथेच तपासावे लागेल. पश्चिमेच्या भिंतीला पडवी अथवा कडुनिंबाची सावली, आणि घराच्या पोटात लहानसा का होईना चौक, या गोष्टींना तर वेगळ्या तंत्राची गरजच नाही. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे सात-आठ टक्के आहे. त्यामुळे करकंबातल्या एका घराची बचत नगण्य भासली, तरी अशा हजारो गावांची बचत नगण्य राहत नाही.

यावर आक्षेप असा येईल की, ज्याला प्रधानमंत्री आवास योजनेतून एक लाख वीस हजार रुपये मिळतात आणि पंचवीस चौरस मीटरांचे घर उभे करायचे असते, त्याला चौक आणि पडवी यांची चैन कशी परवडावी? आक्षेप रास्त आहे. पण जागा कमी असते तेव्हाच तिच्या रचनेचा विचार अधिक करावा लागतो. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात बेलापूरला जी वसाहत रचली, तिच्यात लहान भूखंडांवर सात-सात घरे एका सामाईक अंगणाभोवती मांडली, आणि शेजाऱ्याशी भिंत सामाईक न ठेवता प्रत्येक कुटुंबाला आपले घर पुढे वाढवण्याची मुभा दिली. खुद्द सोलापूरजवळ कुंभारी येथे आधी विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत झाली, आणि मग तीस हजार घरांच्या रे नगर प्रकल्पातील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या हाती आली. संघटित श्रमिक एवढ्या मोठ्या प्रमाणावर घरे उभी करू शकतात हे या जिल्ह्याने सिद्ध केले आहे. त्या सामर्थ्याला हवामानाच्या अभ्यासाची जोड देणे हे आता विद्वानांचे कर्तव्य आहे.

शेवटी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. करकंबात घर बांधतो तो गवंडी. वास्तुविशारदाची सही फार थोड्या घरांच्या नकाशावर असते. म्हणून या क्षेत्रातले संशोधन नियतकालिकात छापून आले की संपले, असे मानता येत नाही. ते मराठीत, आकृत्यांसह, गवंड्याच्या हातात गेले पाहिजे. त्याच्या प्रशिक्षणाला दाम मिळाला पाहिजे. आणि १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमान्वये बांधकामास परवानगी देणाऱ्या ग्रामपंचायतीने आरपार दगड, सलग पट्टा, पांढरे छत आणि शोषखड्डा या मोजक्या गोष्टींची तपासणी आपल्या परवानगीशी जोडली पाहिजे. शंभर घरांच्या वर्षभराच्या नोंदी, एक नकाशा, एक मराठी पुस्तिका आणि प्रशिक्षित गवंड्यांची एक तुकडी, एवढे एका गावात उभे करण्यास कोणत्याही मोठ्या निधीची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती एखाद्या विद्यापीठाने आणि एखाद्या ग्रामपंचायतीने परस्परांशी दहा वर्षांचा करार करण्याची, आणि तो करार करकंबसारख्या गावापासून सुरू व्हावा, हेच या लेखाचे मागणे आहे.