अडीच हजारांचे देणे

“फादर, कर भरून काय उपयोग? शेवटी पुढाऱ्यांच्याच घशात जाणार.” हे वाक्य धर्मग्रामात इतक्या वेळा कानांवर पडते की त्याचा उगम कोणाकडे, हे आता सांगता यायचे नाही. जमिनीच्या व्यवहारात दस्तात किती रक्कम दाखवायची आणि किती रोखीने घ्यायची, ही बोलणी चालू असताना ते हमखास येते. बोलणारा मनुष्य दुष्ट नसतो. सणाला तो सढळ हाताने देतो, शेजाऱ्याच्या आजारपणात धावून जातो, रविवारची मिस्सा चुकवीत नाही. शिवाय त्याची निराशा खोटी आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? २०१९ ते २०२३ या अवघ्या चार वर्षांत महाराष्ट्राने सत्तेचे जे खेळ पाहिले, जे पक्ष दुभंगताना पाहिले, त्यानंतर आपण नेमके कोणाला मत दिले होते, हेच पुष्कळांना सांगता येत नाही.

परंतु निराशा खरी असली म्हणून तिच्यातून काढलेला निष्कर्षही खरा ठरतो काय? पुढारी विश्वासाला पात्र नाही, म्हणून माझे देणे संपले, या दोन विधानांना जोडणारा दुवा कोणता?

विशेष म्हणजे हा युक्तिवाद आपल्या परंपरेला अनोळखी नाही. परिषदपूर्व काळातील नीतिशास्त्राच्या लॅटिन पाठ्यपुस्तकांत ‘केवळ दंडात्मक कायदा’ अशी एक कल्पना आढळते. काही कायदे सदसद्विवेकाला बांधीत नाहीत. ते मोडले आणि पकडले गेल्यास दंड मुकाट्याने भरावा, एवढेच त्यांचे बंधन, असे काही नीतिशास्त्रज्ञांचे मत होते, आणि करविषयक कायदे पुष्कळदा त्याच सदरात टाकले जात. राजे लढायांसाठी आणि राजवाड्यांसाठी रयतेला पिळत असत, त्या काळात या मताला काही आधार असेलही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मात्र १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात, तिसाव्या परिच्छेदात, न्याय्य कर फसवणुकीने चुकविणाऱ्यांना समाजाचे देणे बुडविणाऱ्यांच्या पंक्तीत बसविले. पाठ्यपुस्तके बदलली. जुने मत मात्र लॅटिनचा गंधही नसलेल्या घरांतून सुखाने नांदते आहे!

‘न्याय्य’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कर न्याय्य आहे की नाही, हे तो कोण गोळा करतो यावरून ठरवावे, की तो कोणाकडून घेतला जातो आणि कोणासाठी, यावरून? याचा विचार हवेत करण्यापेक्षा आपल्या परिचयाचा एक कर घेऊ. आपल्यापैकी अनेक शिक्षक, बँकेतील कर्मचारी, कारखान्यांतील कामगार यांच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. त्यापुढे ‘व्यवसाय कर’ एवढेच लिहिलेले असते. तो मुळात कशासाठी बसविला गेला, हे ठाऊक असणारा माणूस विरळा.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लक्षावधी माणसे खडी फोडायला, रस्त्यांवर माती टाकायला घराबाहेर पडली. शेतात काम नव्हते, विहिरींत पाणी नव्हते. त्या काळात विधान परिषदेचे सभापती असलेले वि. स. पागे यांनी एक साधा विचार आग्रहाने मांडला: काम मागणाऱ्या प्रौढ माणसाला काम देणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि ते मागणे हा त्याचा हक्क आहे. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते मिळाले पाहिजे, नाहीतर भत्ता, अशी त्यात तरतूद होती. देशाने असा कायदा २००५ साली केला, म्हणजे जवळजवळ तीन दशकांनी.

या योजनेला पैसा हवा होता. त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. त्याला इतर काही करांची जोड देण्यात आली, आणि या करांतून जेवढे उत्पन्न येईल तेवढीच भर शासनाने स्वतःच्या तिजोरीतून घालावी, असे ठरले. म्हणजे मुंबईतल्या कार्यालयात पंख्याखाली बसलेल्या कारकुनाच्या पगारातून काही रुपये निघत आणि बीड किंवा सोलापूर जिल्ह्यातील एखादी बाई पाझर तलावाच्या कामावर त्यातून मजुरी घेत असे. दोघांची कधी गाठ पडली नाही. तिने त्याचे आभार मानले नाहीत, आणि मानण्याचे कारणही नव्हते. तिने माती वाहिली होती. दयेच्या पोटी दिलेले दान आणि न्यायापोटी दिलेले देणे यांतील फरक शिकवायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

या योजनेत भ्रष्टाचार झाला नाही काय? झाला, आणि भरपूर झाला. हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावे चढली, न झालेल्या रस्त्यांची मापे लिहिली गेली, निधी शिल्लक असताना मजुरीसाठी बायकांना तहसील कचेरीसमोर बसावे लागले. पण ही लबाडी उघडकीस कोणी आणली? कर चुकविणाऱ्यांनी खासच नव्हे. ती आणली त्या मजुरांनी, त्यांच्या संघटनांनी आणि मोर्चांनी. योजना चोरांच्या हाती आहे म्हणून ती बंद करा, असे ते म्हणाले नाहीत. आमचे काम आम्हाला द्या, असे म्हणाले. पुढाऱ्यांची खरी झळ ज्यांना लागते, त्यांना निराश होऊन घरी बसणे परवडत नाही. ती चैन आपली आहे.

आता याच कराची दुसरी बाजू पाहा, कारण येथे अन्याय आहे आणि त्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. संविधानाच्या २७६ व्या कलमाने या कराला कमाल मर्यादा घातली आहे. ती मुळात वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली आणि तेथेच थांबली. महाराष्ट्रात महिना दहा हजारांच्या पुढे गेलेल्या पुरुषाला ही पूर्ण रक्कम लागू होते. (स्त्रियांना २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत सूट आहे.) महिना ११,००० रुपये मिळविणारा कामगार वर्षाला अडीच हजार देतो आणि महिना दहा लाख मिळविणारा संचालकही अडीच हजारच देतो. हिशेब केला तर पहिल्याचे शंभर रुपयांमागे सुमारे एक रुपया नव्वद पैसे जातात, दुसऱ्याचे दोन पैसे. चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १२,००० रुपयांपर्यंत वाढवावी, अशी शिफारस केली होती. तिचे पुढे काही झाले नाही.

संचालक प्राप्तिकर भरतो आणि तो कामगाराला लागत नाही, हे खरे आहे आणि ते नोंदविले पाहिजे. पण कामगार काहीच भरत नाही, हा समज चुकीचा आहे. त्याच्या मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, आणि तो आकारताना कोणी त्याचे उत्पन्न विचारीत नाही. उलट श्रीमंतांच्या संचित धनावरचे कर एकेक करून गेले. वारशाने मिळणाऱ्या मालमत्तेवरील कर १९८५ साली रद्द झाला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने काढून टाकला. २०१३-१४ मध्ये त्याचे उत्पन्न अवघे १,००८ कोटी रुपये होते आणि वसुलीचा खर्च मोठा होता, असे कारण देण्यात आले. त्याऐवजी एक कोटीहून अधिक उत्पन्नावर दोन टक्के अधिभार वाढविला गेला. हिशेबाच्या दृष्टीने ते शहाणपणाचे असेल. पण उत्पन्न आणि संपत्ती या एकच गोष्टी नव्हेत. ज्याच्या जमिनीची किंमत नुसते बसून दसपट झाली, त्याला त्या वर्षी उत्पन्न झालेले नसते; आणि आपल्या वसईकडच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे प्रश्न आपल्या उंबरठ्याशी येतो. आपल्या वाडीत तण काढायला येणाऱ्या आदिवासी बाईची मजुरी आपण कशी ठरवितो? शेजारी काय देतो, ते विचारून. तिच्या घरात किती माणसे खाणारी आहेत, हे विचारून नव्हे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये आपल्या विश्वपत्रात नेमक्या याच रीतीला हरकत घेतली होती: मजुराने नाइलाजाने कमी मजुरी मान्य केली, तरी तेवढ्याने ती न्याय्य ठरत नाही, त्याला आणि त्याच्या माणसांना सभ्यपणे जगता येईल इतकी ती असली पाहिजे. संत याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच देवाकडे ओरडते आहे. त्या शेतमालकांनी कर भरला होता की नाही, याबद्दल याकोब काही सांगत नाही. ते कदाचित रोमन अंमलाला नावे ठेवणारे देशभक्तही असतील!

जकातदारांचा द्वेष त्या काळी आजच्या पुढाऱ्यांच्या द्वेषाहून कमी नव्हता. जकातीचा मक्ता घ्यायचा आणि वर लोकांकडून उकळायचे, हा त्यांचा धंदा होता. ते बाप्तिस्मा घ्यायला आले, तेव्हा योहानाने त्यांना नाके बंद करून घरी जाण्यास सांगितले नाही; ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. व्यवस्था सडलेली आहे हे त्याला आपल्याहून अधिक ठाऊक असावे, कारण पुढे त्याचे शिर हेरोदाने घेतले.

निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार आपल्या अंगणात येतात, धर्मगुरूंनाही नमस्कार करून जातात. गटार, पाणी, स्मशानभूमी यांविषयी आपण त्यांना विचारतो, आणि विचारलेच पाहिजे. त्यांच्यापुढे एकदा तरी पगारपत्रक धरून हा अडीच हजारांचा आकडा १९८८ पासून का हलला नाही, असे विचारायला हरकत नाही. विधानसभेचा उमेदवार म्हणेल की घटनादुरुस्ती संसदेच्या हाती आहे. ते खरेच आहे. मग लोकसभेचा येईपर्यंत ते पगारपत्रक जपून ठेवावे.