उत्पन्नाचा उगम आणि उत्पन्नाचा मुक्काम

विषमतेचा अभ्यास करताना अर्थशास्त्राने दोन वेगळ्या वह्या ठेवल्या आहेत. एका वहीत माणसामाणसांतील अंतर नोंदले जाते आणि त्यासाठी गिनी गुणांक वापरतात, म्हणजे सर्वांचे उत्पन्न सारखे असल्यास शून्य आणि सगळे उत्पन्न एकाच्याच हाती असल्यास एक, अशा दोन टोकांमध्ये राहणारी संख्या. दुसऱ्या वहीत प्रदेशाप्रदेशांतील अंतर येते आणि तेथे दरडोई उत्पन्न, म्हणजे प्रदेशात वर्षभरात निर्माण झालेल्या उत्पन्नाला तेथील लोकसंख्येने भागून येणारी सरासरी, हे माप चालते. २०२२-२३ मध्ये भारतातील वरच्या एक टक्का लोकांच्या वाट्याला राष्ट्रीय उत्पन्नाचा २२.६ टक्के भाग गेला, असा अंदाज तोमा पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला, तो पहिल्या वहीतला. महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न बिहारच्या चौपटीहून अधिक आहे, हे विधान दुसऱ्या वहीतले. या दोन वह्या एकमेकींशी ताडून पाहण्याचे काम मात्र क्वचितच होते, आणि ते न केल्याने काय निसटते हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला या खाणीच्या गावाकडे पाहिले की ध्यानात येते.

चिखल्याला संपत्तीची वाण नाही. नागपूर, भंडारा आणि मध्य प्रदेशातील बालाघाट या तीन जिल्ह्यांतून जाणारा मँगनीजचा पट्टा देशातील सर्वांत महत्त्वाच्या खनिज पट्ट्यांपैकी एक असून चिखला येथे भूमिगत आणि जवळच्या डोंगरी बुजुर्ग येथे उघडी खाण आहे. पोलाद तयार करताना त्यातील प्राणवायू व गंधक काढून टाकण्यासाठी आणि त्याला बळकटी आणण्यासाठी मँगनीज लागते, आणि या कामी त्याला स्वस्त पर्याय आजवर सापडलेला नाही. डोंगरी बुजुर्गचे डायऑक्साइड प्रतीचे खनिज कोरड्या बॅटरीच्या उद्योगाला जाते. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे एल. एल. फर्मोर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या भागातील एका खडकाला तेथील गोंड लोकांवरून गोंडाइट हे नाव दिले. नाव देण्यास अर्थातच काही खर्च येत नाही.

खनिजाचा प्रवास मात्र पहिल्यापासून बाहेरच्या दिशेने होता. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या नावाने सुरू झालेली आणि पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी म्हणून ओळखली गेलेली ब्रिटिश कंपनी येथील खनिज काढून परदेशातील भट्ट्यांना पुरवीत असे. तुमसर रोडपासून तिरोडीपर्यंत गेलेला लोहमार्ग आजही या खाणपट्ट्यातूनच जातो. १९३३ मध्ये खुले झालेले विशाखापट्टणमचे बंदर आणि त्याला रायपूरशी जोडणारा बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग यांच्या उभारणीमागे मध्य प्रांतातील मँगनीज समुद्रापर्यंत स्वस्तात पोचवणे हे एक प्रमुख कारण होते. म्हणजे शेकडो मैलांवर एक बंदर उभे राहावे इतके या मातीचे मोल होते, आणि ते मोल मोजले जाण्याची जागा मात्र या मातीत नव्हती.

१९६२ मध्ये मँगनीज ओर (इंडिया) लिमिटेड, म्हणजे आजची मॉयल, स्थापन झाली, तेव्हा ४९ टक्के भाग जुन्या ब्रिटिश कंपनीकडे राहिले व उरलेले केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या सरकारांनी घेतले. १९७७ मध्ये परकीय भागही सरकारने विकत घेतला आणि डिसेंबर २०१० मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. मालकी लंडनहून दिल्लीत आली, मुख्यालय नागपुरात स्थिरावले, हा बदल लहान नाही, कारण त्याबरोबर नियमित वेतन, वसाहत, दवाखाना आणि निवृत्तीचे लाभ कामगारांपर्यंत आले. तरीही ज्याला खनिजाच्या मूल्याचा प्रवास म्हणता येईल त्याची दिशा बदलली नाही, आणि प्रादेशिक असमतोलाच्या चर्चेत नेमका हाच मुद्दा हरवतो.

याचे एक कारण उत्पन्न मोजण्याच्या रीतीत आहे. राज्याचे आणि जिल्ह्याचे उत्पन्न काढताना संख्याशास्त्रज्ञ सामान्यतः उगमाचा निकष लावतात, म्हणजे जेथे वस्तू निर्माण झाली तेथे ते उत्पन्न नोंदवतात. ते अखेर कोणाच्या खिशात पोचले, हा प्राप्तीचा निकष जिल्ह्यांच्या बाबतीत लावणे कठीण असल्याने बाजूला राहतो. त्यामुळे चिखल्यातून निघालेल्या खनिजाचे मूल्य भंडारा जिल्ह्याच्या उत्पन्नात मिळवले जाते आणि जिल्ह्याची सरासरी तेवढी वर जाते, परंतु त्यातील नफा भागधारकांकडे, प्राप्तिकर केंद्राकडे आणि रॉयल्टी, म्हणजे भूमीतील खनिज काढून नेण्याबद्दल खाणपट्टाधारकाने द्यावयाचा मोबदला, राज्याच्या तिजोरीत जाते. जिल्ह्यात खात्रीने मुक्काम करते ती मजुरी.

या मजुरीचेही थर आहेत. कंपनीचा कायम कामगार वेतनकराराखाली येतो. त्याच खाणीच्या आवारात ठेकेदाराकडे रोजीवर काम करणाऱ्याला तो करार लागू नसतो. आणि खाणीबाहेर धानाच्या बांधीत राबणाऱ्या भूमिहीनाला रोवणी आणि कापणी एवढ्याच हंगामात हमखास काम मिळते. पूर्व विदर्भातील हा धानपट्टा मालगुजारांच्या काळातील तलावांवर, ज्यांना सरकारी भाषेत माजी मालगुजारी आणि बोलण्यात मामा तलाव म्हणतात, बराच अवलंबून राहिला, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर तलाव सरकारकडे आले तरी त्यांच्या गाळाकडे आणि पाटांकडे पूर्वीइतके लक्ष राहिले नाही. एकाच शिवारात पेन्शन असलेले घर आणि पावसाकडे डोळे लावून बसलेले घर शेजारी नांदते, तेव्हा प्रादेशिक अंतर आणि माणसामाणसांतील अंतर हे दोन प्रश्न राहत नाहीत. प्रदेश मागे राहिल्याने त्यातील थोड्या सुरक्षित नोकऱ्यांचे मोल फार वाढते, आणि तीच दरी गावातल्या विषमतेच्या रूपाने दिसते.

सरासरीचा पडदा प्रत्येक पायरीवर असतो. देशाच्या सकल उत्पन्नात महाराष्ट्राचा वाटा १३ टक्क्यांच्या पुढे असल्याने विदर्भ झाकला जातो. राज्याच्या उत्पन्नातील निम्म्याहून अधिक भाग मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, रायगड, नागपूर आणि कोल्हापूर अशा मोजक्या जिल्ह्यांतून येतो, आणि त्यात नागपूर असल्यामुळे विदर्भाच्या सरासरीत भंडारा व गडचिरोली झाकले जातात. महाराष्ट्राचे राज्यकर्ते वित्त आयोगापुढे तक्रार करतात की राज्य केंद्राला देते पुष्कळ आणि परत मिळते थोडे. ही तक्रार रास्त मानली तर तिचाच तर्क भंडाऱ्याने मुंबईपुढे का ठेवू नये, याचे उत्तर सहसा दिले जात नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. उलट प्रादेशिक असमतोलाचा इतका सातत्याने हिशेब मांडणारे दुसरे राज्य भारतात शोधावे लागेल. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचे आश्वासन दिले. संविधानाच्या कलम ३७१(२) ने विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळांची तरतूद केली. पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ च्या अहवालात अनुशेष ही कल्पना रुपयांत आणली. एखाद्या सोयीची राज्याची सरासरी काढायची, जिल्हा त्या सरासरीच्या जितका खाली असेल तितकी तूट भरून काढण्याचा खर्च मोजायचा आणि त्याला अनुशेष म्हणायचे, ही ती पद्धत. एकूण ३,१८६.७८ कोटी रुपयांच्या अनुशेषात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के निघाला. मंडळे प्रत्यक्षात आली ती दहा वर्षांनी, १९९४ मध्ये.

दांडेकरांची पद्धत प्रामाणिक होती आणि तिने भावनेच्या जागी आकडा ठेवला, ही तिची थोरवी कोणी नाकारू नये. तरी तिने रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा, पंपांची वीज अशा सरकारने पुरवायच्या गोष्टी मोजल्या. ज्या जिल्ह्यातून मूल्य बाहेर जाते त्या जिल्ह्यात ते किती राहते, हा प्रश्न तिच्या चौकटीबाहेर होता. चिखल्याला रस्ता झाला, शाळा झाली, तर या हिशेबात चिखल्याचा अनुशेष भरला, मग त्या रस्त्याने कच्चे खनिज बाहेर जावो की पक्का माल. याच असमतोलाचा पुन्हा अभ्यास करणाऱ्या विजय केळकर समितीने २०१३ मध्ये चर्चेचा आवाका पुष्कळ वाढवला, पण तिचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला आणि त्यावरचा वाद प्रामुख्याने पुन्हा निधीच्या वाटपावरच येऊन थांबला.

कच्च्या खनिजाचे खरे मूल्य वाढते ते भट्टीत. एक टन फेरोमँगनीज, म्हणजे पोलाद कारखान्यांना लागणारी लोह आणि मँगनीज यांची मिश्रधातू, तयार करण्यास साधारण २,५०० ते ३,००० युनिट वीज लागते, म्हणून हा उद्योग खाणीपाशी जात नाही, स्वस्त विजेपाशी जातो. दुर्गापूर, रायगड (छत्तीसगड) आणि आंध्रचा विशाखापट्टणम परिसर येथे तो वाढला. तुमसरजवळ माणेकनगर येथे उभा राहिलेला युनिव्हर्सल फेरोचा कारखाना बंद पडला आणि तालुक्यातील मोठा औद्योगिक रोजगार त्याबरोबर गेला. येथे विरोधाभास असा की वीज याच भागात तयार होते: चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा येथे औष्णिक केंद्रे आहेत आणि शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचा प्रकल्प आहे. कोळसा, पाणी आणि राख विदर्भाची, दर मात्र राज्यभर एक. २०१६ मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील उद्योगांना वीजदरात सवलत देऊन सरकारने ही चूक अप्रत्यक्षपणे मान्य केली, पण मुदतीच्या सवलतीवर कोणी चाळीस वर्षांची भट्टी उभारत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. प्रत्येक खाणीजवळ कारखाना असावा हा आग्रह आर्थिकदृष्ट्या महाग ठरू शकतो, आणि माणसांनी संधीकडे जाण्यात गैर काही नाही. सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या विचारानुसार विकासाच्या आरंभी विषमता वाढते व पुढे घटते, आणि जेफ्री विल्यमसन यांनी १९६५ मध्ये तोच क्रम प्रदेशांनाही लावला. परंतु महाराष्ट्राला हा क्रम पाहण्यासाठी सहा दशके मिळाली आहेत, आणि तुमसरचा तरुण नागपूर, पुणे गाठतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे शिक्षण, म्हणजे गावाने केलेली गुंतवणूकही जाते. स्थलांतराने माणसाचे उत्पन्न वाढते; गावाचे वाढतेच असे नाही.

२०१५ मधील खाण कायद्याच्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान ही नवी तरतूद केली, जिच्यात खाणीची झळ सोसणाऱ्या भागासाठी खाणचालकाने रक्कम भरायची असते. तिचे गणित उघडपणे मांडलेले बरे. मँगनीजवरील रॉयल्टी विक्रीमूल्याच्या ५ टक्के. जुन्या खाणपट्ट्यांनी प्रतिष्ठानाला रॉयल्टीच्या ३० टक्के द्यायचे. म्हणजे शंभर रुपयांच्या खनिजामागे राज्याकडे पाच रुपये आणि जिल्ह्याच्या प्रतिष्ठानाकडे दीड रुपया. हा दीड रुपया संपूर्ण जिल्ह्यातील खाणबाधित भागासाठी आहे आणि तो कोठे खर्चावा हे जिल्हा मुख्यालयात ठरते. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय पीठाने रॉयल्टी म्हणजे कर नव्हे आणि खनिज हक्कांवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना आहे, असा निर्णय दिला. त्यामुळे राज्याची तिजोरी भरेल, परंतु तिजोरीपासून गावापर्यंतचा रस्ता त्या निर्णयात नाही, आणि तो असण्याची अपेक्षाही न्यायालयाकडून करता येत नाही.

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली आणि ती पुन्हा यावीत अशी मागणी विदर्भात सतत होते. ती यावीत, पण १९८४ च्याच प्रश्नावलीसह येणार असतील तर त्यांचा उपयोग मर्यादित राहील. अनुशेषाच्या तक्त्यात एक रकाना वाढायला हवा: गावातून दरवर्षी किती किमतीचे खनिज बाहेर गेले आणि त्यातील किती रक्कम मजुरी, रॉयल्टी आणि प्रतिष्ठानाच्या कामांच्या रूपाने तालुक्यात राहिली. त्यासाठी नवे सर्वेक्षण लागत नाही. प्रत्येक खाणीचे उत्पादन, कामगार, दिलेले वेतन आणि भरलेली रॉयल्टी यांची विवरणपत्रे कायद्यानुसार भारतीय खाण ब्युरोकडे जातात आणि त्या ब्युरोचे मुख्यालय नागपुरातच आहे. ही माहिती गावनिहाय मांडून चिखल्याच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली जावी, एवढी मागणी भंडारा जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात करावी.