सातव्या वर्षी खायचे काय?



उपवासकाळ सुरू झाला तेव्हा वसमतकडच्या आपल्या एका कुटुंबाच्या शेतावर आम्ही गेलो होतो. हळद शिजवणे चालू होते. कढईखाली बाभळीची लाकडे धडधडत होती. सेंद्रिय शेतीचा विषय आम्हीच काढला. घरधन्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “फादर, जमिनीला जहर घालणं पाप हाये, कबूल. पण खत बंद केलं अन् उतारा घटला, तर लेकरायची फी कोण भरंल? ते पाप न्हाई का?”

उत्तर देता आले नाही. सेमिनरीत दोन कर्तव्यांचा असा पेच फळ्यावर चटकन सुटायचा. चुलाणापुढे सुटला नाही.

घरी येऊन लेवीय ग्रंथाचा पंचविसावा अध्याय काढला. सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा, ही आज्ञा आपण ऐकलेली आहे. पण त्याच अध्यायात लोक विचारतील असा प्रश्नही आधीच धरला आहे: पेरले नाही, तर खायचे काय? परमेश्वर त्यांना अल्पविश्वासी म्हणत नाही. सहाव्या वर्षी तीन वर्षे पुरेल एवढे पीक देण्याचे वचन देतो. म्हणजे आज्ञेबरोबर शिदोरीही येते. आम्ही मात्र नुसती आज्ञा घेऊन गेलो होतो.

आणि सेंद्रियाकडे वळणे सोपे नाही. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती घालून जीवामृत करता येते. त्याला पैसा थोडा, राबणूक फार. जनावरे विकून टाकलेल्या घराने शेण आणायचे कुठून? हंगामी पिकाला सेंद्रिय प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी साधारण दोन वर्षे रूपांतराची जातात. त्या काळात उतारा घटू शकतो आणि वाढीव भावाची खात्री नसते. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. पण त्या दोन वर्षांचा तोटा मानांकन भरून देत नाही. श्रीलंकेत 2021 मध्ये सरकारने रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली. भाताचे पीक घसरले आणि काही महिन्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला. हेतू चांगला होता, भार मात्र शेतकऱ्यावर पडला.

(बाभळीचेही तसेच. वाफेच्या बॉयलरला सरपण कमी लागते, पण तो एकट्याला परवडत नाही.)

संत थॉमस अक्वायनस म्हणतात की मालमत्ता स्वतःची असली तरी तिचा उपयोग सर्वांसाठी आहे, असे मानून गरजवंताला वाटा द्यावा. चांगल्या मातीचा, विहिरीतल्या स्वच्छ पाण्याचा लाभ जर आपणा सर्वांचा, तर पहिल्या दोन वर्षांची झळ त्या एकाच घराची का? आमच्या स्वयंपाकघरातही आजवर सर्वांत स्वस्त हळदीची पुडी येत होती, हे कबूल केले पाहिजे.

ते गृहस्थ यंदा दहा गुंठे खताशिवाय लावून पाहायला तयार आहेत. सॅक्रिस्टीजवळ वही ठेवली आहे. मिस्सानंतर आपले नाव आणि किती किलो हळद हवी ते लिहावे. पैसे लागवडीपूर्वी, मे महिन्यात द्यायचे आहेत. पीक बुडाले तर ते परत मागायचे नाहीत. पहिले नाव आम्ही आमचे लिहिले आहे.