दाढेतला खूर

पोळ्याच्या सकाळी आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर सजवलेल्या बैलाच्या फोटोखाली मजकूर आला: जगातला पहिला खूर दख्खनच्या मातीत उमटला, 2007 साली ‘सायन्स’ या नियतकालिकाने ते मान्य केलं, गोवंशाचं मूळ इथलंच. खाली हात जोडलेल्यांची रांग. वेरूळच्या कातळाचा अभिमान मलाही आहे. पण ज्या प्राण्याच्या जिवावर हे चाललंय, त्याचा खूर आजवर कुणी पाहिलेला नाही. सापडली ती एक दाढ.

दाढ खरी आहे आणि मोलाचीही. आमच्याकडे रस्त्यासाठी डोंगर कापला की लाव्हाच्या काळ्या थरांमध्ये कुठेकुठे तांबडी रेघ दिसते. लाव्हा एकदम आला नाही, थांबत थांबत आला. मधल्या विसाव्यांत माती तयार झाली, काही ठिकाणी तळी साचली, जनावरं वावरली. याच लाव्हाप्रदेशाच्या पूर्वेकडच्या भागात, मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यात किसलपुरीला, अशा विसाव्यातल्या गाळात जीवाश्मतज्ज्ञ जी. व्ही. आर. प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांना ती मिळाली. तिथल्या खरमेर नदीवरून नाव ठेवलं खरमेरअंग्युलेटम, म्हणजे खरमेरचा खुरी. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. भारत तेव्हा आशियाला चिकटलाही नव्हता.

मग दाढेत खूर शिरला कसा?

लिनियस, क्युव्हिए, ओवेन या जुन्या निसर्गशास्त्रज्ञांनी जनावरांची वर्गवारी केली. ओवेनने 1848 मध्ये बोटं मोजून समखुरी आणि विषमखुरी वेगळे केले. पुढे जनुकांनी या वर्गीकरणाची घडी विस्कटली, देवमासा समखुऱ्यांत जाऊन बसला, असं सगळे सांगतात. घडी विस्कटली हे खरं, पण मला ती गोष्ट अर्धी वाटते. ‘खुरी’ या शब्दाचा पाय त्याआधीच सुटला होता.

जीवाश्मतज्ज्ञ एडवर्ड कोपने 1881 मध्ये ‘कॉन्डिलार्थ्रा’ हा गट केला. नावातच सांधा आहे, घोट्याच्या हाडाचा. त्याच्यासमोर फेनाकोडस या नामशेष प्राण्याचा सांगाडा होता, पाच बोटं आणि त्यांना खूर. म्हणजे कप्पा केला पायासाठी. पुढच्या पिढ्यांनी तो भरला दातांनी. त्यात लबाडी नव्हती. उंदराएवढ्या जनावराचं बाकी सगळं विरघळतं, दाताचं कडक आवरण तेवढं उरतं. बुटक्या, बोथट उंचवट्यांची दाढ दिसली की हा पाला-फळं चिरडणारा, म्हणजे खुऱ्यांच्या घरचा. या ‘म्हणजे’वर सगळा डोलारा. 1965 मध्ये स्लोन आणि व्हॅन व्हेलन यांनी मोंटानातल्या उंदराएवढ्या प्राण्याला प्रोटंग्युलेटम, आद्य खुरी, हे नाव दिलं ते याच हिशेबाने. खरमेरच्या प्राण्याचं जातिनाम व्हॅन व्हेलन यांच्याच नावावरून आहे. आणि खरमेरच्या दाढेची नोंद आली त्याच 2007 मध्ये दुसऱ्या एका अभ्यासाने प्रोटंग्युलेटमला आजच्या अपरायुक्त सस्तनांच्या कुळाबाहेर काढलं. नंतर इतरांनी पुन्हा आत घेतलं. ज्याच्या ओळखीवर आपल्या दाढेने घरात पाऊल टाकलं, त्याचीच जागा डळमळीत.

सारखा आहार सारखी दाढ घडवतो, नातं असो वा नसो. नेब्रास्कातल्या एका झिजलेल्या दाढेवरून 1922 मध्ये जीवाश्मतज्ज्ञ ऑस्बोर्नने अमेरिकेचा आदिवानर उभा केला. 1927 पर्यंत कळलं, ती पेकरीची होती, म्हणजे डुकरासारख्या एका जनावराची. तिथे खुऱ्याच्या दाढेत वानर दिसला. इथे उलटं झालं असेल असं मी म्हणत नाही. प्रसाद-साहनींनी आपला प्राणी ‘पुरातन खुरी’ या जुन्या, सैल कप्प्यात ठेवला. तज्ज्ञांना तो सैलपणा ठाऊक असतो. ग्रुपवर पोचेपर्यंत ‘पुरातन’ गळतं आणि खूर तेवढा उरतो.

कुणाला खरोखरचा पायच हवा असेल तर गुजरातेत सुरतजवळच्या वस्तान लिग्नाइट खाणीत जावं. तिथल्या कॅम्बेथेरियमची पायाची हाडंसुद्धा मिळाली आहेत, वय सुमारे साडेपाच कोटी वर्षं. फक्त पोळ्याला त्याचा उपयोग नाही. तो घोड्या-गेंड्यांच्या बाजूचा, विषमखुऱ्यांचा भाऊबंद. बैल समखुरी.