एकतर्फी नोंद

आम्हां बँकवाल्यांच्या शास्त्रात एकतर्फी नोंद हा प्रकारच नाही. एकाच्या नावे टाकले की दुसऱ्याच्या जमेला टाकावेच लागते. नाहीतर संध्याकाळी मेळ बसत नाही आणि घरी जाता येत नाही. बी. कॉम.च्या पहिल्याच वर्षी शिकलेले हे तत्त्व आयुष्यालाही लागू पडते की काय, असा प्रश्न मला पडला तो एप्रिल २०२० मध्ये. कुणीही पाहत नसताना माणूस जे करतो, ते जमा कुठे होते?

टाळेबंदी होती, पण बँका चालू होत्या. जनधन खात्यांवर बायकांचे पाचशे-पाचशे रुपये जमा होत होते आणि बुलढाण्याच्या उन्हात, चुन्याने आखलेल्या वर्तुळांत रांग उभी असे. आम्ही पाळीपाळीने कामावर जात असू. सौभाग्यवती मुलांना घेऊन अकोल्याला माहेरी गेलेल्या, त्या तिथेच अडकल्या. घरात मी, पंखा आणि एक पाल. पाल अधूनमधून चुकचुकायची, तेवढाच काय तो संवाद.

अशा वेळी शिकलासवरला माणूस दोन उद्योग करतो. तो लिहायला लागतो, नाहीतर पाव भाजायला लागतो. अस्मादिकांनी दोन्ही केले.

पाव झटपट पंथाचा होता. यीस्टची भानगड नाही. कणीक, दही, मीठ आणि खायचा सोडा. दह्यातले आम्ल सोड्याला भेटले की वायू सुटतो आणि पीठ फुगते. ही भेट लगेच उरकते, म्हणून मळत बसायचे नाही. कुकरची शिटी आणि रिंग काढायची, तळाशी मीठ पसरून तो तापवायचा आणि आत डबा ठेवायचा. आयर्लंडमधली साधी माणसे एकोणिसाव्या शतकापासून ताक आणि सोडा घालून असाच पाव करीत आली आहेत. मी मोठ्या दिमाखात फोटो अकोल्याला पाठवला. उत्तर आले, "अहो, हा तर रोडगाच की! फक्त इंग्रजी शाळेत गेलेला."

उत्तर झोंबले, पण खरे होते. आमच्या वऱ्हाडात गोवऱ्यांच्या आरावर रोडगे पिढ्यान्‌पिढ्या भाजले जातात. त्याला कुणी छंद म्हटले नाही. आणि एकट्यासाठी रोडगे कोण करतो? रोडगे म्हटले की पंगत आलीच.

वहीचेही तेच. पहिल्या पानावर मी ठसक्यात लिहिले, "हे कुणासाठीही नाही." दुसऱ्या पानापासून अक्षर वळणदार येऊ लागले. आता जे कुणासाठीच नाही, त्यात अक्षर सुधारायचे कारण काय?

ॲन फ्रँकने मार्च १९४४ मध्ये रेडिओवर ऐकले की युद्धकाळातल्या रोजनिश्या जपून ठेवा, आणि तिने आपली वही पुस्तकासाठी नव्याने लिहायला घेतली. जिवाची शाश्वती नसलेल्या त्या मुलीला वाचक हवासा वाटला, त्याला मिरवण्याची हौस कोण म्हणेल? साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात. पण पुस्तकातला श्याम रात्रीमागून रात्री मित्रांना गोष्ट सांगतो. कोंडलेल्या माणसाने आधी श्रोते निर्माण केले!

निष्काम कर्मवाले म्हणतील, चांगले काम कुणी न पाहता व्हावे. तसा दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे. जून २०२० मध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले. उन्हाने पाणी आटले, खारटपणा वाढला आणि मिठात रमणाऱ्या सूक्ष्म जीवांनी रंग दिला. कौतुकाची अपेक्षा नाही, फोटो पाठवणे नाही. पण वाचकहो, सरोवराला भूक लागत नाही. शिवाय त्याला शेजारी नाही.

मला आहे. भिंतीपलीकडे सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त मास्तर एकटे राहतात, मुलगा पुण्यात. एका संध्याकाळी नेटवर्क गेले. फोटो जाईना आणि पाव गार होत चालला. पाहणारे कुणी उरले नाही, तेव्हा मी ताटली भिंतीवर ठेवली आणि सहा फूट मागे सरलो. मास्तरांनी तुकडा मोडला, चावला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीठ कमी हाय, साहेब." आणि थोडे थांबून, "पन वीस-बावीस दिवस झाले, कोनाच्या हातचं खाल्लं नव्हतं."

फोटोंना तोवर पुष्कळ अंगठे मिळाले होते. त्यातला एकही मीठ कमी आहे म्हणाला नव्हता!

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे. आपल्या कामाला साक्षीदार हवासा वाटण्यात लाज कसली? विचारायचे ते एवढेच, की तो नुसता पाहणारा हवा आहे की खाणारा. पाहणारे कितीही असोत, नोंद आपल्याच नावे राहते. खाणारा एकच असला तरी त्याच्या पोटात काहीतरी जमा होते.

पुढे वहीही भिंतीवरून जाऊ लागली. मास्तर ती वाचून लाल पेन्सिलीने शुद्धलेखन तपासून परत करीत. वाचक मागितला होता, परीक्षक मिळाला. पण मेळ बसला. आणि मेळ बसल्यावर आमच्या बँकेत पुढचे प्रश्न कुणी विचारीत नाही.